इंजिनाची वेसण काढू नका

(सायकलला शेतीचे इंजिन जोडू पाहणाऱ्या मुलांसाठी व त्यांच्या पालकांसाठी)

पावसाळा लागला की विहिरीवरचा पेट्रोलचा पंप गोणपाटात गुंडाळून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवला जातो. पुढचे चार महिने त्याला काम नसते. त्याच घरात बारावी झालेला किंवा आय.टी.आय.ला जाणारा एखादा मुलगा असतो, आणि भिंतीला टेकून ठेवलेली एक जुनी सायकल असते. मुलगा एकदा इंजिनाकडे पाहतो, एकदा सायकलकडे पाहतो, आणि त्याच्या डोक्यात एक कल्पना शिरते. खानापूरच्या वाडीत असो की सत्तरीच्या कुळागरात, ही कल्पना मुलांना सुचतेच.

तिच्यात वाईट काही नाही. ज्या मुलाला यंत्र उघडून पाहावेसे वाटते, तो पुढे घराच्या उपयोगी पडतो. त्याला दटावून गप्प बसवले तर तो तेच काम आपल्या पाठीमागे, मित्राच्या अंगणात, अर्धवट माहितीवर करील. त्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून चार गोष्टी नीट समजून घेतलेल्या बऱ्या. आजचे पान त्या चार गोष्टींसाठी आहे.

जपानातली एक सुरुवात

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा जपानात पेट्रोलची टंचाई होती आणि आगगाड्या माणसांनी खच्चून भरून धावत होत्या. हामामात्सु ह्या शहरात सोइचिरो होंडा ह्यांच्या हाती १९४६ साली काही लहान इंजिने आली. सैन्याच्या बिनतारी संदेशयंत्रांना वीज पुरवण्यासाठी ती बनवलेली होती. युद्ध संपल्यावर ती निकामी पडून होती. होंडांनी ती सायकलींना बसवायला घेतली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून घरातली, अंथरुणात ऊब देणारी गरम पाण्याची बाटली लावली होती असे सांगतात. त्यांच्या पत्नी साची ह्यांनीही ती सायकल चालवून पाहिली.

आपल्या मुलांनी ह्या गोष्टीतला पुढचा भाग लक्षात घ्यावा. आरंभी इंजिन पुढच्या चाकावर ठेवून एका रोलरने टायरला घासून चाक फिरवण्याचा प्रयत्न झाला. टायर टिकेनात. तेव्हा ती रचना सोडून पट्ट्याने मागचे चाक फिरवण्याची रचना आली. १९४७ साली होंडांनी स्वतःचे ५० सीसीचे इंजिन काढले, आणि १९४९ साली त्यांची 'ड्रीम' ही मोटरसायकल आली, तेव्हा तिचा सांगाडाही इंजिनासाठीच घडवलेला होता. सायकलवर इंजिन ठेवण्यापासून सुरुवात झाली खरी, पण तीन वर्षांत सायकल मागे राहिली.

आपल्याकडेही पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली ५० सीसीची लुना आणली. तिला सायकलसारखी पायंडले होती, म्हणून लोक तिला सायकलची बहीण समजत. पण तिचा सांगाडा, चाके आणि ब्रेक सायकलचे नव्हते. इंजिन लहान असूनही बाकीचे अंग त्याला साजेसे केलेले होते. पंपाचे इंजिन तर लुनाच्या तिप्पट मोठे असते.

हे इंजिन कोणत्या कामासाठी घडले आहे?

आज शेतात दिसणारी बरीचशी लहान पेट्रोल इंजिने होंडाच्या जी.एक्स. १६० ह्या इंजिनाच्या घडणीची असतात. काही मूळ कंपनीची, काही त्याच धर्तीवर इतरांनी बनवलेली. एक सिलिंडर, चार स्ट्रोक, १६३ सीसी, वजन सुमारे १५ किलो, आणि मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर पावणेपाच अश्वशक्तीच्या आसपास जोर. पंप, फवारणीयंत्र, लहान टिलर, काँक्रीटचा मिक्सर, जनरेटर अशा सर्व ठिकाणी तेच इंजिन चालते.

ह्या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. इंजिन एका जागी, सपाट बसून, एकाच वेगाने तासन्‌तास चालते. घडवणाऱ्यांनी त्याचा प्रत्येक भाग त्या कामापुरता केला आहे. दट्ट्याला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. तेल फिरवायला पंप नसतो. रॉडच्या खालच्या टोकाला एक लहान पळी असते, ती प्रत्येक फेऱ्याला तेलात बुडते आणि तेल सगळीकडे उडवते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा हलक्या असतात. फ्लायव्हील बिडाचे असते. मिनिटाला ३६०० फेऱ्यांपर्यंत हे सर्व वर्षानुवर्षे टिकते. ह्या मर्यादेची राखण करण्यासाठी इंजिनाच्या पोटात एक राखणदार बसवलेला आहे. त्याचे नाव गव्हर्नर.

गव्हर्नर काय करतो?

गोफण आपण सर्वांनी पाहिली आहे. ती जितकी जोराने फिरवावी तितका दगड बाहेर ओढ घेतो. गव्हर्नर त्याच नियमावर चालतो. इंजिनाच्या आत एका लहान दातेरी चाकावर लहानशी वजने बसवलेली असतात. इंजिनाचा वेग वाढला की ती बाहेर फाकतात, एक खुंटी पुढे ढकलतात, ती खुंटी बाहेरच्या दांडीला हलवते आणि दांडी कार्बुरेटरची झडप मिटवते. वेग उतरला की स्प्रिंग ती झडप पुन्हा उघडते. हे काम क्षणाक्षणाला, कोणी न सांगता चालू असते.

समजा, विहिरीतले पाणी संपले आणि पंपाने हवा ओढली. इंजिनावरचा भार एकदम नाहीसा झाला. गव्हर्नर नसता तर इंजिन पिसाळून धावले असते. गव्हर्नर झडप मिटवतो आणि इंजिन शांत राहते. सायकलवर हीच वेळ चेन उतरली की येते. भार एका क्षणात जातो, आणि इंजिन तर चालवणाऱ्याच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये असते.

मुले मात्र गव्हर्नरलाच आपला शत्रू समजतात. गॅरेजमध्ये कोणीतरी सांगतो, 'अरे, ती दांडी काढ, कॉर्ड सरळ कार्बुरेटरला लाव, गाडी पळते की नाही बघ.' गाडी पळते, हे खरे आहे. बैलाची वेसण काढली तर बैलही पळतो.

हिशेब समजून घ्या

फिरणाऱ्या आणि मागेपुढे धावणाऱ्या वस्तूवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इंजिन ३६०० ऐवजी ५४०० फेऱ्यांवर नेले, म्हणजे वेग दीडपट झाला, तर ताण दीडपट न होता सव्वादोनपट होतो. ७२०० फेऱ्यांवर, म्हणजे दुप्पट वेगाला, ताण चौपट होतो. ३६०० फेऱ्यांवर दट्ट्या सेकंदाला ६० वेळा वर जातो आणि ६० वेळा खाली येतो. प्रत्येक टोकाला तो थांबतो आणि उलट फिरतो. त्याला थांबवून मागे ओढण्याचे काम तो ॲल्युमिनियमचा रॉड करतो.

रॉड तुटला तर तो क्रँकच्या फटक्याने इंजिनाचे पोट फोडून बाहेर येऊ शकतो. गरम तेल मागच्या चाकाखाली सांडते. फ्लायव्हीलचे प्रकरण त्याहून गंभीर आहे. बीड कठीण असते पण चिवट नसते. त्यात बारीक चीर असेल, तर जास्त वेगाला ते फुटून त्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतात. वरचे पत्र्याचे आवरण पंख्याच्या वाऱ्याला दिशा देण्यासाठी आहे. ते तुकडे अडवू शकत नाही.

अमेरिकेत ह्याच जातीच्या इंजिनांवर लहान गाड्यांच्या शर्यती होतात. तेथे जाणकार लोक गव्हर्नर काढतात, हेही मुलांनी कोठेतरी पाहिलेले असते. पण ते लोक गव्हर्नर काढण्यापूर्वी रॉड बदलून मजबूत धातूचा घालतात, बिडाचे फ्लायव्हील काढून अखंड धातूच्या ठोकळ्यातून कातलेले बसवतात, आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही बदलतात. ह्या वस्तूंची किंमत आपल्या इंजिनाच्या किमतीला भिडते. त्यांची गाडी बंदिस्त मैदानात धावते आणि चालवणाऱ्याच्या अंगावर शर्यतीचा पोशाख असतो. आपल्या हाती त्यातली एकच गोष्ट असते, ती म्हणजे गव्हर्नर काढायला लागणारा दहा नंबरचा पाना.

वेग इंजिनात नव्हे, दातांत शोधावा

आता मुलगा विचारील, 'गव्हर्नर ठेवला तर गाडी चालणार कशी?' उत्तम चालेल. त्यासाठी थोडे गणित करावे.

आपल्या २८ इंची सायकलचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर पुढे जाते. इंजिनाचे ३६०० फेरे जर तसेच चाकाला दिले, तर गाडीचा वेग तासाला पावणेपाचशे किलोमीटर झाला पाहिजे. अर्थात इतका जोर इंजिनात नाही, ते जागच्या जागी बंद पडेल. म्हणून फेरे कमी करून जोर वाढवावा लागतो. इंजिनाचे १६ फेरे झाले की चाकाचा एक फेरा व्हावा, अशी रचना केली तर चाक मिनिटाला २२५ वेळा फिरेल आणि गाडी ताशी ३० किलोमीटरच्या आसपास जाईल. २० फेऱ्यांना एक केला तर ताशी २४ किलोमीटर. १२ फेऱ्यांना एक केला तर ताशी ४० किलोमीटर. हे सर्व वेग गव्हर्नर जागेवर ठेवून मिळतात.

१६ ला १ हे प्रमाण एकाच चेनने साधत नाही, कारण मागचे चक्र फार मोठे होते. त्यासाठी मध्ये एक आडवा दांडा दोन बेअरिंगांवर बसवावा. इंजिनावर ११ दात, मधल्या दांड्यावर ४४ दात. पुन्हा मधल्या दांड्यावर ११ आणि मागच्या चाकावर ४४. चार गुणिले चार म्हणजे सोळा. जितके फेरे कमी होतात तितका चाकाचा जोर वाढतो. पाण्याचे कॅन किंवा नारळाची गोणी बागेच्या चढावर न्यायची असेल तर २० चे प्रमाण घ्यावे. बागेत वेगापेक्षा जोरच कामाला येतो.

इंजिनाच्या दांड्यावर आपोआप धरणारा क्लच बसवावा. इंजिन हळू चालते तेव्हा तो सुटा राहतो आणि वेग वाढला की धरतो. त्यामुळे गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवता येते.

जोडणीतल्या काही खुणा

पहिली गोष्ट, पंपाचे इंजिन घेण्यापूर्वी त्याचा दांडा पाहावा. अनेक पंपांत दांड्याच्या टोकाला आटे असतात आणि पंपाचे पंखे त्यावरच फिरवून बसवलेले असते. अशा दांड्यावर क्लच बसत नाही. क्लचला १९ किंवा २० मिलिमीटरचा सरळ, चावीची खाच असलेला दांडा लागतो. तो टिलर-मिक्सरच्या इंजिनांना असतो. दुसरे असे, की चांगला पंप मोडून सायकल केली तर मार्च महिन्यात बागेला पाणी कशाने देणार? एखादे जुने, पंप निकामी झालेले पण इंजिन शाबूत असलेले यंत्र मिळाले तरच हा उद्योग परवडतो.

ह्या घडणीचे इंजिन दांड्याच्या बाजूने पाहिले असता घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरते. म्हणून दांडा गाडीच्या डाव्या अंगाला आला पाहिजे, म्हणजे चाक पुढच्या दिशेने फिरते. सायकलची स्वतःची चेन उजवीकडे असते, तेव्हा दोन्ही चेनी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत.

इंजिनाची रुंदी सुमारे ३६ सेंटिमीटर आहे. साध्या सायकलच्या दांड्यांमध्ये ते ठेवले तर पायंडले मारता येत नाहीत आणि गुडघा सायलेन्सरला भाजतो. कॅरिअरवर ठेवले तर गाडी मागून जड होऊन पुढचे चाक हलके पडते. सायकलचा पाइप पातळ असतो. एका सिलिंडरच्या हादऱ्यांनी तो जोडावर चिरतो आणि चीर रंगाखाली दिसत नाही. पाइपला भोक पाडून बोल्ट घालणे तर सर्वांत वाईट. म्हणून जाड पाइपचा लांब सांगाडा चांगल्या वेल्डरकडून करून घ्यावा, इंजिन दोन चाकांच्या मध्ये खाली ठेवावे आणि पाय ठेवायला खुंट्या द्याव्यात. शेतातल्या ओझ्यासाठी तीन चाकांची गाडी त्याहून बरी, ती चिखलात आडवी होत नाही.

इंजिन सपाट बसले पाहिजे. ते २० अंशांपेक्षा जास्त कलले तर पळी तेलापर्यंत पोहोचत नाही. पोटात तेल अवघे ०.६ लिटर असते, म्हणून रोज सुरू करण्यापूर्वी ते पाहावे. गाडी पडली तर इंजिन लगेच बंद करावे. नंतर प्लग काढून दोरी हळूच दोन-तीनदा ओढावी, म्हणजे सिलिंडरमध्ये तेल शिरले असेल तर बाहेर येईल. मगच प्लग लावून सुरू करावे.

ॲक्सिलरेटरची कॉर्ड कार्बुरेटरच्या झडपेला न बांधता वेग ठरवण्याच्या लिव्हरला बांधावी. तो लिव्हर गव्हर्नरची स्प्रिंग ताणतो. कॉर्ड जितकी ओढाल तितका वेग ठरतो आणि तो वेग गव्हर्नर राखतो. चढ आला तर तो स्वतःच झडप उघडतो. कॉर्ड सोडली की लिव्हर मागे यावा म्हणून एक जादा स्प्रिंग लावावी. त्याशिवाय हॅन्डलवर, अंगठ्याच्या टप्प्यात, इंजिन बंद करण्याचे बटण हवेच.

आधी ब्रेक, मग इंजिन

मुले आधी इंजिन बसवतात, ते सुरू होताच आनंदाने एक फेरी मारतात आणि ब्रेकचा विचार नंतर करतात. हा क्रम उलटा पाहिजे. ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्या सायकलमधली शक्ती ताशी ३० ला चौपट होते आणि ताशी ४५ ला नऊपट. त्यात इंजिनाच्या आणि ओझ्याच्या वजनाची भर. सायकलच्या सळईच्या ब्रेकचे रबर ओल्या लोखंडी रिमवर पावसात घसरते, हे आपण पायी चालण्याच्या वेगालाही अनुभवतो. म्हणून दोन्ही चाके मोपेडची, ड्रम ब्रेकसह घ्यावीत. इंजिन बसवण्यापूर्वी त्याच्या वजनाची वाळूची पिशवी बांधून गाडी लहानशा उतारावर चालवून पाहावी. ती हव्या त्या जागी थांबत नसेल तर इंजिन जमिनीवरच राहू द्यावे.

इतर फेरफारांविषयी थोडे

एअर फिल्टर काढला की जोर वाढतो असे मुले मानतात. आपल्याकडची तांबडी धूळ सिलिंडरमध्ये शिरली तर दट्ट्याच्या रिंगा थोड्याच दिवसांत झिजतात. हेड घासून दाब वाढवला तर सुरू करताना दोरी उलट झटका देते आणि मनगट मोडू शकते. सायलेन्सर पोकळ केला तर जोर नावापुरता वाढतो, कानांचे मात्र नुकसान होते.

ज्याला इंजिनाकडून चांगले काम हवे त्याने पुढील गोष्टी कराव्यात. नवे इंजिन असेल तर पहिल्या २० तासांनी आणि नंतर दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी तेल बदलावे. प्लगची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवावी. इंजिन थंड असताना व्हॉल्व्हची फट आत घेणाऱ्याला ०.१५ आणि धूर सोडणाऱ्याला ०.२० मिलिमीटर असावी. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा शोषते. तेव्हा पावसाळ्यात इंजिन ठेवून देताना टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करावेत. एवढ्याने गेलेला जोर परत येतो.

आरोग्याची बाजू

ह्या कामात पाच धोके आहेत, ते घरातल्या सर्वांनी जाणून घ्यावेत.

पहिला, धूर. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गोठ्यात किंवा बंद खोलीत इंजिन चालवून पाहू नये, आणि चालू पंप विहिरीत उतरवून मागोमाग माणसाने उतरणे तर कधीच नको. डोके दुखू लागले, मळमळले, झापड आली, तर माणसाला मोकळ्या हवेत आणावे आणि दवाखान्यात न्यावे.

दुसरा, नळीने तोंडाने पेट्रोल ओढणे. घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेले तर प्राणावर बेतते. कोणी ते गिळले असेल तर त्याला ओकारी काढायला लावू नये, कारण ओकताना ते फुप्फुसात उतरते. १०८ ला फोन करावा. पेट्रोल काढायला हातपंप वापरावा आणि पेट्रोल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये.

तिसरा, भाजणे. सायलेन्सरला जाळी लावावी. भाजले तर त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काही लावू नये.

चौथा, चेन. लुंगी, ओढणी, साडीचा पदर, लहान मुलाची बोटे हे सर्व ती ओढून घेते. दोन्ही चेनींवर पत्र्याचे झाकण असल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

पाचवा, डोके. आय.एस.आय. खुणेचे हेल्मेट, पट्टा बांधून. बागेतल्या बागेतसुद्धा.

कायदा काय म्हणतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांचे आणि २५ सीसीपर्यंतचेच इंजिन असलेले वाहन वगळले आहे. १६३ सीसीची घरगुती गाडी त्यात बसत नाही. तिला नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याला परवाना लागतो. मान्यता न घेतलेल्या घरगुती गाडीची नोंदणी होत नाही, म्हणून ती सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. गावातल्या दुकानापर्यंतसुद्धा नाही. एवढ्या इंजिनाच्या दुचाकीचा परवाना १८ वर्षांखालील मुलाला मिळतही नाही. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. रस्त्यावर कोणाला धक्का लागला तर विमा नसल्यामुळे भरपाईचा बोजा घरावर येतो आणि जमीन विकण्याची पाळी येते. तेव्हा ह्या गाडीची हद्द आपल्या बागेचे कुंपण, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावे.

पालकांना एक विनंती

मुलगा हे काम करणार असेल तर त्याला कोपऱ्यात एकटे करू देऊ नका. गावातल्या जाणत्या मेस्त्रीला एकदा बोलवा, त्याला चहा द्या आणि मुलाने काय केले आहे ते पाहायला सांगा. प्रत्येक टप्प्यावर मुलाला तीन प्रश्न विचारा. गाडी थांबते का? चेन झाकली आहे का? गव्हर्नर जागेवर आहे का? तिन्ही उत्तरे 'होय' आली, आणि ती आपण डोळ्यांनी पाहिली, तरच दोरी ओढू द्या.

ताशी २५ किलोमीटरने, पाण्याचे दोन कॅन घेऊन, बागेच्या चढावरून फटफटत जाणारी गाडी पाहून मित्र कदाचित हसतील. हसू द्या. जी गाडी दहा वर्षे रोज संध्याकाळी मुलाला धडधाकट घरी परत आणते, तीच गाडी चांगली बनली असे समजावे.